समुद्रातला कोटा ठरवतं कोण? अमेरिकेतल्या आठ कौन्सिलांची गोष्ट

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं हलालची खात्री नसली की मॅकडोनाल्ड्समध्ये सरळ फिश सँडविच मागवतात. त्या पावातला पांढरा तुकडा बहुतेक वेळा अलास्काच्या पोलॉक माशाचा असतो. बेरिंग समुद्रातून हा एकच मासा दरवर्षी दहा लाख टनांहून जास्त काढला जातो. महाराष्ट्राच्या सगळ्या बंदरांवर वर्षभरात उतरणारी सगळी मासळी एकत्र केली, तरी त्याच्या निम्मीही भरत नाही. एवढा उपसा होऊनही हा मासा संपलेला नाही. किती काढायचा हा आकडा दर डिसेंबरात अँकोरेज शहरात, एका हॉटेलच्या हॉलमध्ये ११ माणसं मतदानाने ठरवतात. त्या अकरांत मासेमारीच्या धंद्यातलीच माणसं असतात. हे कसं चालतं आणि कुठे फसतं, ते आज समजून घेऊ.

सुरुवात परदेशी बोटींपासून झाली. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेचा मासेमारीवरचा हक्क किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच होता. त्यापलीकडे रशिया, जपान, पूर्व जर्मनी, पोलंड यांच्या अजस्र कारखाना-बोटी रात्रंदिवस जाळी ओढायच्या, आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार त्यांचे दिवे बघत बसायचे. मग १९७६ साली काँग्रेसने कायदा केला आणि १ मार्च १९७७ पासून २०० मैलांपर्यंतची मासळी अमेरिकेची झाली. वॉरन मॅग्नसन आणि टेड स्टीव्हन्स या दोन सिनेटरांच्या नावाने हा कायदा आज ओळखला जातो. योगायोग बघा, २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्राचा कायदा भारतानेही १९७६ सालीच केला. फरक त्यानंतरच्या वाटेत आहे.

मासळी आपली झाली, पण तिचा कारभार कोणी बघायचा? वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला अलास्काचा खेकडा आणि फ्लोरिडाचा स्नॅपर यांतला फरक काय कळणार, असा साधा प्रश्न होता. म्हणून त्या कायद्याने समुद्राचे आठ विभाग केले आणि प्रत्येकाला एक कौन्सिल दिलं: न्यू इंग्लंड, मध्य अटलांटिक, दक्षिण अटलांटिक, मेक्सिकोचं आखात, कॅरिबियन, प्रशांत, उत्तर प्रशांत आणि पश्चिम प्रशांत. किनाऱ्यालगतचे तीन मैल राज्यांचे (टेक्सासला आणि फ्लोरिडाच्या आखाताकडच्या बाजूला नऊ), तिथून २०० मैलांपर्यंत कौन्सिलचं क्षेत्र.

कौन्सिलात बसतं कोण? प्रत्येक राज्याच्या मत्स्य खात्याचा प्रमुख, केंद्राच्या मत्स्य सेवेचा विभागीय अधिकारी आणि नेमलेले सदस्य. या नेमलेल्यांची यादी राज्यांचे गव्हर्नर पाठवतात, निवड केंद्राचा वाणिज्य मंत्री करतो. मुदत तीन वर्षांची, सलग तीनपेक्षा जास्त वेळा नाही. नेमलेल्यांमध्ये बोटमालक असतात, प्रक्रिया कारखान्यांची माणसं असतात, हौशी गळवाल्यांचे प्रतिनिधी असतात, एखादा प्राध्यापक किंवा पर्यावरणवाला असतो. तटरक्षक दलाचा अधिकारीही टेबलावर असतो, पण त्याला मत नाही. बैठका उघड्या असतात. बोटीवरचा साधा खलाशीसुद्धा नाव नोंदवून माइकसमोर उभा राहू शकतो. वेळ दोन-चार मिनिटांचाच मिळतो, पण त्याचं म्हणणं नोंदीत जातं.

आता मुख्य मुद्दा, आकडा कसा ठरतो. आधी सरकारी संशोधन जहाजं समुद्रात ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या पद्धतीने जाळं टाकून किती मासा सापडतो ते मोजतात. माशाच्या कानातल्या बारीक हाडावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, ती मोजून त्याचं वय काढतात. त्यावरून अंदाज बांधतात की समुद्रात किती साठा आहे आणि किती काढला तर पुढच्या वर्षी भरून निघेल. हा अंदाज कौन्सिलच्या वैज्ञानिक समितीकडे जातो. समिती वरची मर्यादा सांगते, आणि त्या मर्यादेच्या वर जायची कौन्सिलला परवानगी नाही. खाली यायचं तर खुशाल यावं. ही अट २००७ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी शास्त्रज्ञांनी सांगायचं आणि कौन्सिलने ऐकून घेऊन आपल्या मनाचं करायचं, असं बऱ्याच ठिकाणी चालायचं.

कौन्सिलचा निर्णयही शेवटचा नसतो. तो वाणिज्य मंत्र्याकडे जातो. कायद्यातली दहा राष्ट्रीय मानकं पाळली आहेत का, हे बघून मंत्री मंजूर करतो, नामंजूर करतो किंवा काही भाग वगळतो. पण योजना आपल्या मनाने बदलून लिहिण्याचा अधिकार त्याला नाही. परत कौन्सिलकडेच पाठवावी लागते. या दहांतलं पहिलंच मानक सांगतं की प्रमाणाबाहेर मासेमारी होता कामा नये, आणि तरीही समुद्रातून मिळणारा चांगल्यात चांगला लाभ मिळत राहिला पाहिजे. या एका वाक्यातल्या दोन टोकांवर गेली जवळजवळ ५० वर्षं भांडणं चालू आहेत.

ही व्यवस्था फसते कशी, ते बघायचं तर न्यू इंग्लंडला जावं लागतं. परदेशी बोटी गेल्यावर तिथल्या लोकांना वाटलं, आता सगळा कॉड आपलाच. सरकारी मदतीने कर्जं काढून नव्या बोटी बांधल्या गेल्या. कौन्सिलने आधी कोटा लावला होता, पण सदस्य बहुतेक धंद्यातलेच. ओरड झाली आणि १९८२ साली कोटा काढून टाकला. त्याऐवजी जाळ्याचा आस किती मोठा, मासा किती इंच, असे सौम्य नियम ठेवले. मासा घसरत गेला. शेवटी १९९१ मध्ये एका पर्यावरण संस्थेने सरकारला कोर्टात खेचलं, आणि १९९४ च्या डिसेंबरात जॉर्जेस बँक आणि आसपासचा सुमारे १७,००० चौरस किलोमीटर समुद्र बंद करावा लागला. कॉड त्यानंतरही पूर्ववत झालेला नाही. ज्या पिढीने परदेशी बोटींना शिव्या घातल्या, तिनेच पंधरा वर्षांत तेच काम स्वदेशी बोटींनी केलं, असंच म्हणावं लागेल.

पण समुद्राने एक गंमत केली. कॉडसाठी बंद केलेल्या त्याच भागात स्कॅलप नावाचे शिंपले कोणी न खरवडल्यामुळे वाढत राहिले. १९९९ मध्ये त्या भागाचा एक तुकडा उघडला तेव्हा एवढा माल निघाला की पुढे शेतीत जमीन पडीक ठेवतात तसे समुद्राचे तुकडे आळीपाळीने बंद-उघड करण्याची पद्धतच कौन्सिलने बसवली. त्या शिंपल्यांच्या जोरावर न्यू बेडफर्ड हे बंदर उलाढालीच्या किमतीत सलग वीसेक वर्षं देशात पहिलं राहिलं. त्याच बंदरात ‘कॉडफादर’ म्हणून ओळखला जाणारा एक मोठा बोटमालक होता. कोट्याबाहेरचा मासा दुसऱ्याच जातीच्या नावाने कागदावर दाखवल्याबद्दल त्याला २०१७ मध्ये ४६ महिन्यांची शिक्षा झाली. आकडा कितीही शास्त्रशुद्ध असो, वजनकाट्यावर खोटं लिहिलं की सगळंच फुकट.

म्हणूनच बोटीवर सरकारी निरीक्षक ठेवायची पद्धत आहे. त्याचा खर्च कोणी द्यायचा? हेरिंग पकडणाऱ्या बोटींनी द्यावा, असा नियम न्यू इंग्लंड कौन्सिलच्या योजनेतून निघाला. दिवसाला सुमारे ७१० डॉलर. न्यू जर्सीचे मच्छीमार कोर्टात गेले. कायद्यात हे कुठे लिहिलंय, एवढाच त्यांचा सवाल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २८ जून २०२४ ला न्यायालयाने तो निमित्त करून ४० वर्षं जुना दंडकच मोडीत काढला. कायदा संदिग्ध असेल तिथे सरकारी खात्याचा अर्थ मान्य करायचा, असा तो दंडक होता. औषधांपासून धुरापर्यंत सगळ्या खात्यांना याचा फटका आहे, आणि सुरुवात कुठून, तर एका माशाच्या बोटीवरच्या जेवणाच्या टेबलाजवळ बसणाऱ्या निरीक्षकाच्या पगारावरून!

आमच्या वाचकांपैकी मिरकरवाडा, हर्णै, साखरी नाटे इथल्या मंडळींना हे सगळं वाचताना पर्ससीन आठवत असेल. आपल्याकडे १२ मैलांपर्यंत राज्याचा १९८१ चा कायदा, पुढे केंद्र. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, तेव्हापासून पारंपरिक आणि पर्ससीनवाले एकमेकांसमोर उभे आहेत. निर्बंध योग्य की अयोग्य, यावर एकाच मोहल्ल्यात दोन मतं सापडतात. पण दोन्ही बाजूंचे तांडेल एका टेबलावर बसलेत, समोर शास्त्रज्ञाचा आकडा आहे आणि मतदान नावानिशी नोंदवलं जातंय, अशी कायद्याने बांधलेली जागा आपल्या किनाऱ्यावर नाही. मोर्चा, निवेदन आणि कोर्ट, हेच आपले मार्ग. अमेरिकेची नक्कल करा असं आमचं म्हणणं नाही. कारण त्या टेबलावरही सगळ्यांना खुर्ची मिळत नाही.

पुन्हा अलास्काला जाऊ. तिथे हॅलिबट माशाचा हंगाम एकेकाळी वर्षातून दोन-तीन वेळा चोवीस-चोवीस तासांवर आला होता. वादळ असो की काही असो, त्या चोवीस तासांत निघालाच पाहिजे. माणसं बुडायची, आणि एकाच दिवशी सगळा माल आल्याने भावही पडायचा. १९९५ पासून प्रत्येकाला वैयक्तिक कोटा मिळाला, हंगाम आठेक महिन्यांचा झाला, जीव वाचले. मात्र कोटा जमिनीसारखा विकता येऊ लागला. छोट्या गावांतल्या लोकांनी अडचणीत तो विकला, आणि आज तिथल्या तरुणाला बोटीपेक्षा कोटा महाग पडतो.

आणि सगळ्यात दुखरी गोष्ट सामन माशाची. पोलॉकच्या जाळ्यात सामनही अडकतो. तो विकायला मनाई आहे. मोजायचा आणि मग समुद्रात टाकायचा किंवा दान द्यायचा. २००७ मध्ये सुमारे १ लाख २० हजार किंग सामन असे गेले. त्यानंतर कौन्सिलने ६०,००० ची कडक मर्यादा आणली, ती २०११ पासून लागू आहे. पण चम जातीच्या सामनला तशी मर्यादा नव्हती, आणि २०२१ मध्ये पाच लाखांहून जास्त चम अडकले. डीएनए तपासणीत त्यातले बरेचसे आशियाई हॅचरीतले निघतात, पश्चिम अलास्काच्या नद्यांचे थोडे, हे बोटवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. समुद्र तापल्याने सामन घटतोय, हेही खरं. पण युकॉन नदीकाठच्या आदिवासी गावांना हा हिशेब कसा पटणार? हिवाळ्यासाठी मासा सुकवून ठेवायचा हा त्यांचा हजारो वर्षांचा रिवाज. २०२४ च्या एप्रिलमध्ये अलास्का आणि कॅनडाने युकॉनचा किंग सामन सात वर्षांसाठी बंद केला. म्हणजे नदीवर घरापुरताही पकडायचा नाही, आणि समुद्रात पोलॉकची जाळी मर्यादेत राहून चालू.

ती गावं बैठकीला विमानाने येतात, नंबर लावतात, मिनिटं संपेपर्यंत बोलतात. मत मात्र देऊ शकत नाहीत. सदस्याचा निर्णयात मोठा आर्थिक हितसंबंध असेल तर त्याला बाजूला व्हावं लागतं, पण त्यासाठी त्या मासेमारीतला त्याचा वाटा १० टक्क्यांच्या वर असावा लागतो; त्याखालचा हितसंबंध जाहीर केला की पुरे. शेजारच्या प्रशांत कौन्सिलात आदिवासींसाठी एक मत कायद्यानेच राखून ठेवलं आहे. अँकोरेजच्या त्या हॉलमधल्या अकरा मतांत तसं एकही नाही: सात नेमलेले, त्यांतले पाच अलास्काचे आणि दोन वॉशिंग्टन राज्याचे, तीन राज्यांचे तीन अधिकारी आणि एक केंद्राचा. अलास्कातल्या आदिवासी संघटनांची मागणी त्या खुर्चीचीच आहे.