वीस किलोंसाठी आठ टन

अमेरिकेत हॅम म्हणजे हौशी रेडिओ करणाऱ्यांच्या घरामागे रोन 25जी नावाचा जाळीदार टॉवर सर्रास दिसतो. दहा-दहा फुटांचे तुकडे, प्रत्येकाचं वजन 40 पौंड. असे दहा तुकडे एकावर एक चढवले की 30 मीटर उंची होते आणि वजन भरतं 180 किलो. बुलेटसारख्या एका मोटारसायकलपेक्षाही कमी. आता तो पडू नये म्हणून तीन उंचींवर, तीन दिशांना अशा नऊ पोलादी तारा ताणायच्या. तार जेमतेम पाच मिलिमीटर जाड, पण तुटायला 1,800 किलोंचा ओढा लागतो. प्रथा अशी की त्याच्या दहा टक्के, म्हणजे 180 किलोंचा ताण सुरुवातीलाच देऊन ठेवायचा. नऊ तारांच्या तिरक्या ओढ्याचा खाली जाणारा भाग मोजला तर येतो 980 किलो. वारा पूर्ण पडलेला असतानाही तारा टॉवरला त्याच्या वजनाच्या पाचपटीहून जास्त जोराने जमिनीत दाबत असतात.

तारांची एकूण लांबी 287 मीटर. त्यांचे खुंट टॉवरपासून 24 मीटरवर, तेव्हा तीन खुंटांमधला त्रिकोण साधारण 750 चौरस मीटर. आपल्या भाषेत साडेसात गुंठ्यांना थोडे कमी. मुंबई-पुण्यातल्या हॅमने इथेच वाचन थांबवलं तरी मी समजू शकतो.

मुळात इतकं उंच जायचं कशाला? रेडिओलहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल, एवढं उत्तर लघुलहरींना पुरत नाही. त्या सुमारे 300 किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरावर आपटून खाली येतात, जमिनीवर किंवा समुद्रावर आपटून परत वर जातात. प्रत्येक उडीत ताकद गळते, म्हणून उड्या कमी हव्यात. त्यासाठी लहर क्षितिजाला जितकी लगटून निघेल तितकं बरं, आणि आडव्या अँटेनाच्या बाबतीत तो कोन तिची जमिनीपासूनची उंची ठरवते. 14 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरीची लांबी 21 मीटर. अँटेना त्याच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे साडेदहा मीटरवर असेल तर मुख्य झोत 30 अंशांनी वर जातो. 21 मीटरवर नेली की साडेचौदा अंश. 42 मीटरवर नेली की सात.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर. तीस अंशांनी निघालेली लहर एका उडीत सुमारे 935 किलोमीटर जाते, म्हणजे तेरा-चौदा उड्या. साडेचौदा अंशांनी निघाली तर सात. सात अंशांनी निघाली तर पाच. सगळं लोखंड, सगळं काँक्रीट या एका कोनासाठी.

आणि एवढं करून पलीकडे पोचतं काय? रिसीव्हरच्या मीटरवर काटा ‘एस नऊ’ला गेला की हॅम खूश होतो, सिग्नल दणदणीत आहे म्हणतो. एस नऊ म्हणजे वॅटचा दोन हजार कोटीवा भाग. इथून 100 वॅट सोडले असतील, तर त्याचा दोन लाख कोटीवा हिस्सा तिथे उतरला. तो दणदणीत!

उंचीची किंमत वारा वसूल करतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेत शिकलेलं असतं, पण त्याचा अर्थ टॉवर उभारताना कळतो. ताशी 20 किलोमीटरची झुळूक एका चौरस मीटरवर दोन किलोंहून कमी जोर लावते. ताशी 120 किलोमीटरचा झोत, म्हणजे 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा हवामान खात्याने सांगितला तसा, त्याच चौरस मीटरवर 68 किलो लावतो. वेग सहापट, जोर छत्तीसपट. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात प्रत्येक शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे. पुण्याला सेकंदाला 39 मीटर, मुंबईला 44. फरक पाच मीटरचा, पण दाब सव्वापटीहून जास्त. मुंबईच्या आकड्याने चौरस मीटरमागे 118 किलो पडतात.

साडेसात गुंठे नसलेल्यांसाठी तारांविना स्वतःच्या पायावर उभा टॉवर हा पर्याय. 20 मीटर उंची धरू. वर तीन एलिमेंटची, म्हणजे तीन आडव्या नळ्यांची, ॲल्युमिनियमची यागी अँटेना, वजन वीस किलोंच्या आत, वाऱ्याला आडवं येणारं क्षेत्र अर्धा चौरस मीटर. मुंबईच्या वाऱ्यात तिच्यावर 59 किलोंचा जोर, तो 20 मीटरच्या दांड्याच्या टोकाला, म्हणजे बुडाशी जवळजवळ 1,200 किलोग्रॅम-मीटरची उचकट. टॉवरचं स्वतःचं लोखंड दर मीटरला दशांश चौरस मीटर धरलं, तर त्याची आणखी 2,400. एकूण साडेतीन हजारांच्या वर. हे पेलायला दीड मीटर लांब, रुंद आणि खोल काँक्रीटचा ठोकळा घातला, तर तो सहा हजारांपर्यंत तग धरतो. वजन आठ टन. हा ढोबळ हिशोब आहे, त्यावर कुणी खड्डा खणू नये. त्यासाठी माती बघणारा स्थापत्य अभियंता लागतो. पण प्रमाण हेच राहतं. टॉवर अँटेनाचं वजन पेलत नाही, वारा पेलतो.

म्हणूनच मोठ्या लहरींच्या नादी लागू नये असं माझं मत आहे, आणि ते ऐकणारा हॅम मला भेटलेला नाही. लहरीची लांबी दुप्पट झाली की एलिमेंट दुप्पट लांब, त्याच घडणीत वाऱ्याला आडवं येणारं क्षेत्र चौपट, उंचीही दुप्पट हवी, म्हणून बुडाशी उचकट आठपट. 20 मीटरच्या पट्ट्यावरून 160 मीटरच्या पट्ट्यावर जायचं तर हे दुप्पट होणं तीनदा घडतं. आठ गुणिले आठ गुणिले आठ: 512 पट. फिनलंडमध्ये आर्कला इथल्या हॅमनी तरीही 160 आणि 80 मीटरच्या पट्ट्यांसाठी फिरती यागी उभारली. उंची सुमारे 100 मीटर, वजन 40 टनांच्या घरात. हौसेला मोल नसतं हे फिनलंडमध्येही खरं आहे.

फिरती म्हटलं की रोटेटर आला. यागी एकाच दिशेला जोर लावते, तेव्हा तिला हव्या त्या देशाकडे वळवणारी मोटर टॉवरच्या डोक्यावर बसवतात. गती अगदी संथ, मिनिटाला सुमारे एक फेरा. सहा मीटर त्रिज्येवरचं एलिमेंटचं टोक त्या वेळात 38 मीटर जातं, म्हणजे ताशी सव्वादोन किलोमीटर. जेवणानंतरची शतपावली याहून जलद असते. पण खरी कसोटी फिरवण्याची नाही, धरून ठेवण्याची. हाय-गेन कंपनीचा जुना प्रसिद्ध हॅम-फोर रोटेटर घ्या. फिरवण्याची ताकद नऊ किलोग्रॅम-मीटर, ब्रेकची 58. आता झोत यागीच्या एकाच बाजूला लागला असं समजा: मधल्या खांबापासून दोन मीटरवर 0.3 चौरस मीटर. निसर्गच्या वाऱ्यात 41 किलोग्रॅम-मीटरचा पीळ, मोटर कधीच हरली असती, ब्रेक तरला. मुंबईसाठीच्या मानक वेगात 71. ब्रेकही गेला.

रोटेटर अखंड फिरू शकत नाही, कारण त्याच्यासोबत केबल फिरते आणि तिला पीळ पडतो. म्हणून कुठेतरी अडसर असतो, आणि तो कुठे ठेवायचा याचं गणित मुंबईत मोठं गमतीचं आहे. नकाशा सपाट बघून अमेरिका पश्चिमेला वाटते. पृथ्वीच्या गोलावर मुंबईहून न्यूयॉर्कची दिशा येते 333 अंश, उत्तरेच्या जरा डावीकडे. लॉस एंजेलिसची 11 अंश, उत्तरेच्या जरा उजवीकडे. लंडन 319. अडसर उत्तरेला असला, तर न्यूयॉर्कवरून लॉस एंजेलिसला वळताना 38 अंशांऐवजी उलटा 322 अंशांचा प्रवास; सहा सेकंदांचं काम 54 सेकंदांत. तेवढ्यात तिकडचा स्टेशनवाला दुसऱ्या कुणाशी बोलायला लागलेला असतो. अडसर दक्षिणेला ठेवावा. तिकडे लक्षद्वीप, मालदीव आणि मोजकी बेटं सोडली तर अंटार्क्टिकापर्यंत पाणीच आहे.

ज्यांना पृथ्वीही पुरत नाही ते चंद्राकडे वळतात. जुलै 1960 मध्ये कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समधल्या हौशी गटांनी 1296 मेगाहर्ट्झवर चंद्रावर लहर आपटवून एकमेकांशी पहिला दुतर्फा संपर्क साधला. जाऊन-येऊन पावणेआठ लाख किलोमीटर, अडीच सेकंद. स्वतः पाठवलेली खूण स्वतःलाच ऐकू येते. 144 मेगाहर्ट्झवर या वाटेत सिग्नल घटतो तो 252 डेसिबल: एकावर 25 शून्यं दिली तर जो आकडा होतो, त्याहून अधिक पटींनी. इथे रोटेटरला दोन अक्ष लागतात, कारण चंद्र सरकतही असतो आणि चढत-उतरतही असतो.

एप्रिल 2010 मध्ये पोर्तो रिकोतल्या आरेसिबो रेडिओ दुर्बिणीची 305 मीटर व्यासाची महाथाळी या कामासाठी हौशी मंडळींना मिळाली. पुढाकारात जो टेलर होते, 1993 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले आणि जन्मभर हॅम राहिलेले. एरवी पंधरा-वीस हात लांबीच्या यागींची जुडी लागते, तिथे त्या तीन दिवसांत साध्या अँटेनावाल्यांनाही चंद्रावरून उत्तर मिळालं.

पण त्या थाळीचं पुढे काय झालं ते प्रत्येक टॉवरवाल्याने लक्षात ठेवावं. थाळीवर सुमारे 900 टनांचा मंच पोलादी केबलींवर टांगलेला होता. ऑगस्ट 2020 मध्ये एक साहाय्यक केबल तिच्या खोबणीतून निसटली. नोव्हेंबरमध्ये एक मुख्य केबल तुटली, आणि ती तुटताना तिच्यावरचा भार ठरलेल्या क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आसपासच होता. 1 डिसेंबरला सगळा मंच खाली आला. कागदावरची क्षमता आणि गंजलेल्या, थकलेल्या तारेची क्षमता एक नसते.

वीज हा वेगळाच हिशोब. सरासरी विजेच्या लोळात 30,000 अँपिअर असतात. टॉवरच्या अर्थिंगचा रोध दहा ओहम असेल, तर क्षणभर बुडाशी तीन लाख व्होल्ट. रोध एक ओहमवर आणला तरी 30,000. तेव्हा ढग दिसले की अँटेनाची कोॲक्स केबल आणि रोटेटरची केबल खोलीबाहेरच सोडवलेली बरी.

उंचीवरून पडणाऱ्या पान्याला 30 मीटरवरून जमिनीवर यायला अडीच सेकंद लागतात आणि येतो तो ताशी 87 किलोमीटरने. खाली उभ्या माणसाला हेल्मेट हवं, वरच्याला दोन दोर हवेत.

तुमच्या गच्चीवर असा काही खांब असेल, अगदी दहा मीटरचा, तर मे महिन्यात पावसाच्या आधी एकदा बघून घ्या. तारा ताणणाऱ्या टर्नबकलवर गंज आहे का, तारांचा ताण सारखा आहे का, नटबोल्ट सैल झालेत का, रोटेटरच्या वरचा केबलचा झोळ उन्हाने फुटला आहे का. कोकणात खारी हवा असते, तिथे दिवाळीनंतर आणखी एकदा. आणि एकट्याने चढू नका.