चाळीस घरांची विचारपूस

२०२५ साली २० ऑक्टोबर नरक चतुर्दशीला आला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा तो स्थापना दिवस. तेव्हा छपन्न वर्षं झाली. फटाक्यांच्या आवाजात कोणाच्या लक्षात राहिला असेल असं वाटत नाही. माझ्या लक्षात राहिला तो कापसामुळे. त्याच वर्षी ऑगस्टात पऱ्हाटीला पात्या-फुलं लागत होती तेव्हा केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. म्हणजे वऱ्हाडात सीतादही होऊन पहिला वेचा घरात येतो, त्याच दिवसांत बाहेरच्या गाठी गिरण्यांच्या दारात. ठरवण्याआधी शेतकऱ्याला कोणी विचारलं का, असं म्हणणारा आता भाबडा ठरतो. मी तरी म्हणतो, कारण विचारणारी माणसं मी पाहिलेली आहेत.

त्यांच्यापर्यंत येण्याआधी थोडं मागचं. इंग्रजांनी कापसासाठी वऱ्हाड निजामाकडून घेतलं, रूळ टाकले, जिनं उभी केली, हे सगळं शाळेत घोकून झालं आहे. पन्नासचं दशकही मी ओझरतंच सांगेन. पापळचे पंजाबराव १९५२ ते १९६२ दिल्लीत कृषिमंत्री होते, मोझरीहून तुकडोजी महाराजांची भजनं गावोगाव जात होती, खराटा घेऊन फिरणारे गाडगेबाबा १९५६ मध्ये वलगावजवळ वारले. आपल्या मातीतली एवढी मोठी माणसं, तरी पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला लागणारं पाणी तोंडात धरवत नव्हतं आणि गोड्या पाण्याच्या घागरीसाठी बायांची पायपीट चालूच होती.

विद्यापीठही कोणी आणून हातात दिलं नाही. पंजाबराव १९६५ मध्ये वारले. १९६७ साली विदर्भातली पोरं कृषी विद्यापीठासाठी रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, माणसं गेली. १९६८ मध्ये राहुरीला विद्यापीठ झालं आणि त्याच्या पुढच्या वर्षी अकोल्याला. एका राज्यात दोन-दोन कशाला, असं तेव्हा म्हणणाऱ्या शहाण्यांना कापसाची काळी माती आणि उसाची बागायत यांतला फरक कळत नव्हता, की कळून घ्यायचा नव्हता, ते त्यांचं त्यांना माहीत.

तिथून पुढचं दशक मी मूर्तिजापूर तालुक्यात अंगावर घेतलं. आधी आली हायब्रीड ज्वारी. सीएसएच-१ हे वाण १९६४ मध्ये देशात निघालं होतं, आमच्या वावरात पोचायला काही वर्षं गेली. बुटकं ताट, भरगच्च कणीस, पीक गावरानच्या कितीतरी पुढे. पण लवकर पक्व होणारी ही ज्वारी नेमकी परतीच्या पावसात सापडायची. दाण्यावर बुरशी धरायची आणि खळ्यात काळी रास पडायची. कडबाही आखूड, ढोरांना पुरत नसे. आमच्या आजीने पहिली भाकर थापली, तव्यावरच तिला तडे गेले. "हे काय आणलं रे बापा, याले ना चव ना चिकटाई," एवढं बोलून तिने गावरान ज्वारीची कणगी स्वतःसाठी राखून ठेवली. कृषी अधिकारी अशा बायांना अडाणी म्हणत. पुढे पैदासकारांनी बुरशीला तोंड देणारी वाणं शोधायला वर्षानुवर्षं घातली, ती याच अडाणी तक्रारीपायी. हेही खरं की १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो ज्वारी घेताना ती काळवंडलेली हायब्रीडसुद्धा गोड वाटू लागली. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी तो एक उन्हाळा खडी फोडून बघायला हवा होता.

त्याच १९७२ मध्ये राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली. अडत्याच्या रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, ते बंद झालं याचा आनंद खरा होता. पण खरेदी केंद्रावर बंड्यांची रांग लागली की रात्री तिथेच काढाव्या लागत. सकाळी ग्रेडर येई, चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढी, धागा डोळ्यांसमोर नेई आणि प्रत सांगून पुढच्या बंडीकडे वळे. सालभराच्या डवरणी-निंदणाचा निकाल तेवढ्या वेळात. चुकारा हप्त्याहप्त्याने. सावकार मात्र हप्त्यावर थांबत नसे. पुढेपुढे शेजारच्या राज्यात भाव चढले की रातोरात बंड्या सीमेपलीकडे जाऊ लागल्या. त्यांना चोर म्हणणाऱ्यांवर माझा राग अजून गेलेला नाही.

आणि १९७५ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेची माणसं आली. मूर्तिजापूर तालुक्यातली कंझरा आणि किनखेडा ही दोन गावं त्यांनी निवडली. सोबत सोलापूर आणि महबूबनगरची प्रत्येकी दोन. गावागणिक चाळीस घरं: दहा भूमिहीनांची, तीस लहान-मध्यम-मोठ्या कास्तकारांची. खेड्यातच वाढलेला, शिकलेला एक तरुण गावात मुक्कामाला राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरांत जाऊन बसायचा. काय पेरलं, निंदणाला किती बाया लागल्या, उसने कोणाकडून, व्याज किती, घरात काय शिजलं. पहिल्यांदा लोकांना वाटलं लेव्ही बसवायला आले. मग सवय झाली.

हान्स बिन्सवांगर या अर्थतज्ज्ञाने या गावांत नाणं उडवण्याचा खेळ मांडला. सुरुवात आठ आण्यांपासून, मग मोठ्या रकमा. छापा येवो वा काटा, ५० रुपये नक्की हवेत, की एका बाजूला २०० आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही? मधले पर्यायही होते. मोठी रक्कम शेतमजुराच्या महिन्याच्या कमाईहून जास्त, आणि पैसे खरेच मिळायचे. बहुतेकांनी मधली वाट धरली, आणि त्यात गरीब-श्रीमंत असा मोठा फरक दिसला नाही. म्हणजे गरीब कास्तकार खत टाकत नाही तो भित्रा म्हणून नव्हे, हाती पैसा नाही आणि कर्ज मिळत नाही म्हणून. आमच्या तालुक्यात हे लोक ओट्यावर बसून सांगत, पण नाण्याच्या खेळातून निघाल्यावर ते जगाला पटलं. वॉकर आणि रायन यांनी या गावांवर १९९० मध्ये जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला. मराठीत तो माझ्या हाती कधी पडला नाही. कंझऱ्याच्या ग्रामपंचायतीत मराठी प्रत ठेवायला कोणाचं काय जाणार होतं?

नंतरच्या वर्षांबद्दल मला फार बोलवत नाही. सोयाबीन आलं, ज्वारी गेली. घरची सरकी शेणामातीत घोळून सरत्यातून पेरायची, ते देशी वाण हळूहळू बाजूला पडलं. २००२ नंतर बीटी कापूस आला आणि बियाणं दरसाल दुकानातून, अर्ध्या किलोलाही कमी भरणाऱ्या पाकिटात. बोंडअळी काही वर्षं हटली, मग गुलाबी अळी परत आली. विद्यापीठाच्या देशी वाणांची नावं आता शिवारफेरीच्या फलकावर वाचायला मिळतात, आणि रिकाम्या जागांच्या बातम्या पेपरात.

विचारायला माणूस येत नाही, मोबाइल येतो. पिकाची पाहणीही कास्तकारानेच करायची, धुऱ्यावर उभं राहून रेंज शोधत फोटो टाकायचा. २०२५ च्या हंगामात लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव हवा असेल तर कापूस महामंडळाच्या 'कपास किसान' अ‍ॅपवर आधी नोंदणी करावी लागली. शेजारच्या पोराकडून मी ती करून घेतली. आधार विचारलं, सातबारा विचारला, पेरा विचारला. एकरी खर्च किती आला, हा रकाना काही सापडला नाही.