मोंद्रियानच्या रेघा आल्या कुठून?

मोंद्रियानच्या आडव्या-उभ्या रेघा बघून ‘यात काय एवढं?’ असं वाटलं असेल, तर एकदा झेलंडमधल्या डोम्बर्गला जाऊन या. डॉ. मेझगर यांच्या मालिश-उपचारांसाठी श्रीमंत लोक या समुद्रकाठच्या गावी यायला लागले, चित्रकारही आले. १९११ मध्ये यान टोरोपच्या पुढाकाराने इथे लाकडी दालन उभं राहिलं आणि उन्हाळी प्रदर्शनं भरू लागली. मोंद्रियानने आधी इथला चर्चचा मनोरा रंगवला. १९१५ पर्यंत समुद्र आणि त्यात शिरलेला धक्का यांच्या नुसत्या रेघा उरल्या. ते दालन १९२१ च्या वादळात पडलं. त्याच धर्तीवरचं संग्रहालय १९९४ पासून आहे. पण आधी ओहोटीला किनाऱ्यावर जा. वाळूत रोवलेले उभे खांब, मागे आडवं क्षितिज. मग चित्र पुन्हा बघा.