पटावरची मोहीम आणि समोरचा भिडू

दिवाळी तोंडावर आली की बेळगावच्या गल्लीबोळांत लाल मातीचे ढिगारे पडू लागतात, मुले कुठून कुठून दगड, विटा आणि जुनी गोणपाटे गोळा करून आणतात, आणि चार दिवसांत दारोदार किल्ले उभे राहतात. आमच्या लहानपणीही हेच चाले. तटावर मोहरी पेरावी, तिचे हिरवे लुसलुशीत रान उगवले की त्यात कुंभाराकडचे मावळे मांडावेत, सर्वांत वर महाराजांचे सिंहासन ठेवावे, आणि दरवाज्यापेक्षा पहारेकरी दुप्पट उंच झाला तरी कुणी त्याची दखल घेऊ नये, असा तो सारा सरंजाम असे. साठी उलटल्यावर ऐतिहासिक युद्धखेळांचा नाद लागला, पहिला खेळ निवडायची वेळ आली आणि ती निवड सपशेल फसली, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की आमच्या त्या किल्ल्याला कधी शत्रूच नव्हता. पटावरच्या खेळाला तो आधी लागतो, आणि तोही हाडामांसाचा. संध्याकाळी चहा घेऊन समोर बसणारा.

निवड फसली ती अशी. पुण्याचा भाचा असले खेळ बाळगून आहे. त्याच्याकडची यादी पाहताना, भांडी घ्यायला गेलेला माणूस जसा पातेल्याचा आकार पाहून भुलतो, तसा मी पेटीच्या आकाराला भुललो. दुसऱ्या महायुद्धातील रशियाची मोहीम, हजारावर सोंगट्या, साठ पानांचे नियमपुस्तक. सोंगट्या पुठ्ठ्याच्या ताटातून सुट्या केल्या की त्यांच्या कोपऱ्यांना कागदाचे तूस राहते आणि चळत नीट बसत नाही, म्हणून शौकीन लोक ते कोपरे छाटतात. निपाणीच्या मावशीने उभा जन्म विड्या वळल्या. तेंदूच्या पानावर पत्र्याचा नमुना ठेवून ज्या कात्रीने तिने लाखो पाने कातरली, तीच कात्री घेऊन ती दोन संध्याकाळ माझ्याशेजारी बसली आणि रशिया-जर्मनीची अख्खी फौज तिने कोपरे छाटून लखलखीत करून दिली. काम संपल्यावर तिने विचारले, "आता खेळणार कुणासंगं?" मला उत्तर सुचले नाही. ती पेटी आज माळ्यावर आहे.

सोंगटी म्हणजे असते तरी काय, ते जवळून पाहण्यासारखे आहे. अर्ध्या इंचाचा पुठ्ठ्याचा चौकोन, त्यावर एक आयत, आणि आयतात फुली असली तर ती पायदळाची तुकडी. खाली दोन आकडे असतात. समजा ४ आणि ६. पहिला आकडा तिच्या बळाचा, दुसरा तिच्या मजलेचा. पट बहुधा षट्कोनी घरांचा असतो, आणि याचे कारण समजले तेव्हा मला शाळकरी पोरासारखा आनंद झाला. चौकोनी घरांच्या पटावर तिरके एक घर जाणारा वस्तुतः सरळ जाणाऱ्याच्या १.४१ पट वाट चालतो आणि तरी दोघांची मजल सारखीच धरली जाते, जी सवलत बुद्धिबळातला उंट पिढ्यानपिढ्या उपभोगीत आला आहे. षट्कोनाला मात्र सहा शेजारी, आणि सहाही समान अंतरावर. चार्ल्स रॉबर्ट्स या अमेरिकन गृहस्थाने १९५४ साली 'टॅक्टिक्स' नावाचा युद्धखेळ काढला तेव्हा तोही चौकोनांचाच होता. षट्कोन मागाहून आले. त्याच्याही कितीतरी आधी, १८२४ साली, प्रशियाच्या राइसविट्झ नामक लष्करी अधिकाऱ्याने खऱ्या नकाशावर ठोकळे मांडून दोन-दोन मिनिटांच्या डावांनी लढाई चालवण्याची रीत सिद्ध केली होती, आणि तीत दोन्ही पक्षांवर एक पंच बसवून कुणाला काय दिसते आणि काय दिसत नाही याचा निवाडा त्याच्याकडे सोपवला होता.

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर शेजारीच होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आमच्या गल्लीत राहतात. पलटणीचे केंद्र १९२२ पासून बेळगावातच असल्यामुळे अशी माणसे इथे प्रत्येक गल्लीत भेटतात. वाळूत डोंगर-नाले उठवून, त्यांवर काड्या आणि खडू टाकून मसलत समजावण्यात त्यांची नोकरी गेली. रशियाची पेटी माळ्यावर चढण्यापूर्वी एकदा त्यांनी तो मांडलेला पट पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाणी कुठाय ह्यांचं? खाणं कोण आणतंय?" रसदीचे नियम पुस्तकाच्या चाळिसाव्या पानानंतर होते, तिथवर मी पोचलोच नव्हतो.

मग मी उलटा हिशेब मांडला. समोरचा माणूस ठरला. त्याला बारीक अक्षर वाचवत नाही, नऊ वाजता तो निजतो, इंग्रजी नियम त्याला मीच सांगणार. तेव्हा तासाभरात आटोपणारा आणि नियम तोंडी सांगता येणारा खेळ हवा. इतिहास कुठला, हा प्रश्न मी नाइलाजाने शेवटी ठेवला, आणि अजूनही माझे मत असे आहे की नवशिक्याने तो तिथेच ठेवावा. भाच्याने रिचर्ड बोर्गचा 'मेमॉयर ४४' आणून दिला, दुसऱ्या महायुद्धावरचाच, २००४ सालचा. त्यात पायदळाच्या तुकडीत चार प्यादी, रणगाड्यांत तीन, तोफखान्यात दोन. मार बसला की प्यादे उचलायचे. हुकूम मात्र मनास येईल तसा देता येत नाही. हातात पाने असतात, आणि डाव्या बगलेचे पान नसेल तर डाव्या बगलेचे सैन्य डोळ्यांदेखत मारले जात असताना आपण हात चोळीत बसायचे. मला हे कृत्रिम वाटले. सुभेदारांना वाटले नाही. "वायरलेस बंद पडला की असंच होतंय," एवढेच ते बोलले. इटलीतल्या लढायांचे त्यांना विशेष अगत्य, कारण नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ च्या जुलैत टायबरच्या खोऱ्यात आणि शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ च्या एप्रिलात सेनिओ नदीवर ज्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो पलटणीत प्रत्येक रंगरुटाला ऐकवला जातो. पहिले दोन डाव मी हरलो. तिसऱ्या डावात पट प्रथमच दिसू लागला; त्याआधी नुसते नियम दिसत होते.

आपल्याच इतिहासाचा खेळ घ्यावा, हा मोह मराठी माणसाला होतोच. संगणकावरच्या २००९ सालच्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे म्हणून खेळता येते, आणि भाच्याने त्यात इंग्रजांना समुद्रात लोटल्याचे चित्र मला मोठ्या अभिमानाने दाखवले. ते पाहून संतोष झाला खरा, पण पानिपताचा पट कुणी समोर ठेवला तर मी तो खेळू शकेन असे मला वाटत नाही; हरलो तर सोसवणार नाही, आणि जिंकलो तर खोटे वाटेल. 'विजयनगर' या २०२४ च्या खेळाने ही अडचण चमत्कारिक रीतीने सोडवली. १२९० ते १३९८ हा काळ, दिल्लीची सल्तनत, बहमनी आणि विजयनगर असे तीन पक्ष, अखेरीस तैमूरची धास्ती. मराठ्यांचा पक्षच नाही. तिसरा भिडू म्हणून आम्ही पलीकडच्या गल्लीतले कानडी प्राध्यापक बोलावले. विजयनगर त्यांनी हक्काने घेतले. बहमनी माझ्या वाट्याला आले, तर म्हणतात, "गुलबर्गाही आमचंच री." १९५६ पासून चाललेला सीमातंटा पटावरही सुटेना. सुभेदार दिल्लीच्या गादीवर बसून दोघांकडून निमूट खंडणी मागत होते.

आताचा उद्योग मात्र घरचाच आहे. १८१८ च्या मार्च-एप्रिलात थॉमस मन्रोने थोड्या कवायती फौजेनिशी आणि मुलखातून गोळा केलेल्या शिबंदीनिशी बेळगावचा किल्ला वेढला आणि सुमारे तीन आठवड्यांनी तो पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला. त्याचा एक लहानसा पट आम्ही तिघे कागदावर आखत आहोत. सोंगट्या विसाच्या आत बसवायच्या, रसदीचा नियम पहिल्याच पानावर लिहायचा, असे ठरले आहे. घोडे अडले ते खंदकाशी: एका घराची रुंदी किती हात धरायची?

म्हणून गेल्या रविवारी उजाडताच किल्ल्यावर गेलो. दरवाज्याजवळच्या दुर्गेला नमस्कार करून सुभेदार खंदकाच्या काठाने तीस इंची फौजी पाऊल टाकीत निघाले, मागे मी वही घेऊन आणि प्राध्यापक छत्री घेऊन. दोनशे चौदाव्या पावलाला समोरून दूधवाला आला, सायकल थांबवून "नमस्कार री, सुभेदारसाहेब" म्हणाला, आणि त्याला उत्तर देण्याच्या नादात आकडा चुकला. सुभेदार एक शब्द न बोलता वळले आणि पुन्हा दरवाज्यापासून मोजू लागले.