खाणावळ

खाणावळ (खानावळ असेही लिहिले जाते) म्हणजे ठरावीक दराने घरगुती पद्धतीचे पूर्ण जेवण देणारी जागा. उपाहारगृहात ग्राहक पदार्थ निवडतो. खाणावळीत त्या दिवशी जे शिजले असेल तेच ताटात येते. शब्दाची घडण दळणावळ, शिवणावळ या शब्दांसारखी आहे. त्या शब्दांत कामाच्या मोबदल्याचा अर्थ आहे.

व्यवहाराची पद्धत

नियमित जेवणारे महिन्याचे पैसे एकदम देतात. गैरहजेरीची सूचना आधी दिल्यास त्या दिवसाचा ‘खाडा’ धरून रक्कम वजा केली जाते. बाहेरच्या ग्राहकाला एका ताटाचे पैसे लगेच द्यावे लागतात.

रत्नागिरी आणि गिरणगाव

मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे गिरण्यांत काम करण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातून मोठ्या संख्येने पुरुष मुंबईस गेले. (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता.) कुटुंब गावी शेती सांभाळी आणि चाकरमानी परळ, लालबाग, वरळी येथील चाळींत एकेका खोलीत अनेकांसह पाळीपाळीने राही. खोलीत चूल मांडणे त्याला शक्य नसे. त्याच्या जेवणाची सोय शेजारच्या बिऱ्हाडातील स्त्री करी. यातूनच गिरणगावातील घरगुती खाणावळी वाढल्या. गिरण्यांतील स्त्रियांच्या नोकऱ्या कमी होत गेल्यावर अनेकींना हाच आधार उरला.

हा धंदा उधारीवर चाले. कामगार पगार झाल्यावर पैसे देई. तोवर बाईला वाण्याकडून उधारीने किराणा आणावा लागे, प्रसंगी सावकाराचे व्याजही भरावे लागे. शिजवणे, वाढणे आणि भांडी घासणे हे श्रम तिचेच असत. परंतु ते घरकामात जमा होत आणि त्यांची ‘व्यवसाय’ म्हणून नोंद होत नसे. त्यामुळे बँकेचे कर्ज तिच्या आवाक्याबाहेर राही.

अन्नपूर्णा महिला मंडळ

प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. तारण ठेवण्यास काही नसलेल्या स्त्रियांनी गटाने परस्परांची हमी दिली आणि त्या आधारे त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळू लागले. सावकारी व्याजातून सुटका हा त्याचा मुख्य लाभ होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबताच खाणावळीची उधारी थकली. अनेक कामगार गावी परतले. पुढे गिरण्याच बंद पडत गेल्याने या खाणावळींचा मूळ ग्राहकवर्ग ओसरला.

सद्यस्थिती

रत्नागिरी शहरात खाणावळीचा ग्राहक वेगळा आहे: शिक्षणासाठी राहणारे विद्यार्थी, कचेरीच्या कामास आलेले ग्रामस्थ, एकटे राहणारे नोकरदार आणि पर्यटक. दुपारच्या ताटात सहसा भात, माशाचे कालवण, तळलेली तुकडी, चपाती किंवा तांदळाची भाकरी आणि सोलकढी असते. शाकाहारी ताटात आमटी, उसळ व भाजी येते. माशाच्या ताटाचा दर त्या दिवसाच्या बाजारभावावर अवलंबून असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. तेव्हा ताज्या माशांची आवक घटते, आणि सुकट, सोडे किंवा कडधान्यांवर अधिक भर द्यावा लागतो.