तिथे दिवस मावळतो कधी?

आमच्या घरात युरोपचा विषय पहिल्यांदा निघाला तो १९८७ साली, गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत. लग्नाला दोन वर्षे झाली होती. सौ.ने वाचनालयातून पु. लं.ची ‘अपूर्वाई’ आणली होती आणि दोन रात्री जागून ती संपवली. पुस्तक मिटून ती एवढेच म्हणाली, ‘‘एकदा बर्फ बघायचा हं आपण.’’ मी ‘हो’ म्हटले. दोन वर्षांचा नवरा दुसरे काय म्हणणार?

गंमत म्हणजे मी तेव्हा फोर्टमधल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. दिवसभर लोकांचे पासपोर्ट समोर यायचे. किती डॉलर दिले याची पासपोर्टात नोंद करायची, शिक्का मारायचा, ट्रॅव्हलर्स चेकवर गिऱ्हाइकाच्या सह्या घ्यायच्या आणि त्याला शुभेच्छा द्यायच्या. परदेशी हिंडायला जाणाऱ्याला तेव्हा डॉलर मोजूनमापून मिळत. स्वतःचा पासपोर्ट काढायचे मात्र मला अकरा वर्षे सुचले नाही. पुढे २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर न्यायची मुभा दिली, आज ती मर्यादा अडीच लाखांवर गेली आहे. डॉलर मोकळे झाले. आम्ही नाही झालो. दादरच्या जागेचे कर्ज, मुलांची शिक्षणे, वडिलांचे अंथरुण, मग कोरोना. बर्फाचा विषय दर दोन-तीन वर्षांनी निघायचा आणि ‘पुढच्या मे महिन्यात बघू’ या वाक्याखाली गाडला जायचा.

गेल्या श्रावणात तो पुन्हा निघाला, पण या वेळी मे महिना कामाचा नव्हता. आई आता ब्याण्णव वर्षांची आहे. तिला एकटीला ठेवता येत नाही आणि दिवसभराच्या बाईवर सोपवून परदेशी जायला माझे मन घेत नाही. माझी धाकटी बहीण सांगलीला शाळेत शिकवते. तिने नाताळची सुट्टी आणि शिल्लक किरकोळ रजा जोडून बारा दिवस दादरला राहायची तयारी दाखवली. ‘‘पुढच्या वर्षी आई कशी असेल सांगता येत नाही, आणि वहिनीचे गुडघेही,’’ असे ती फोनवर म्हणाली. तेव्हा युरोपला जायचे तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नाहीतर नाहीच.

इमारतीत बातमी फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आपल्याकडे युरोप म्हणजे स्वित्झर्लंड. त्यात आपल्या सिनेमांचा वाटा मोठा. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया’नंतर तर तिथली गाय दिसली तरी आपल्याला गाणे ऐकू येते. तिसऱ्या मजल्यावरचे दाम्पत्य ऐन डिसेंबरात युंगफ्राऊला जाऊन आले होते. साडेतीन हजार मीटरच्या जवळपास असलेल्या त्या स्टेशनापर्यंत रेल्वे जाते आणि ती बाराही महिने चालते, हे खरे. पण त्या दिवशी वर ढग आणि वारा. ‘‘पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे होतो,’’ असे ते गृहस्थ म्हणाले. तिकिटाचे पैसे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

दादरलाच एका हॉलमध्ये प्रवासकंपनीची माहितीसभा होती. आम्ही दोघे गेलो. अशा कंपन्यांची मी टिंगल करणार नाही. परक्या देशात गरम वरणभात आणि मराठी बोलणारा टूर मॅनेजर मिळतो म्हणून आपल्याकडची हजारो ज्येष्ठ माणसे जग बघून आली. पण ज्यांनी असे दौरे केलेत त्यांना ‘सहा-सात-आठ’ ठाऊक आहे : सहाला उठायचे, सातला नाश्ता, आठला बस. मे-जूनमध्ये हे चालते. तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात मात्र आठ वाजता बसमध्ये बसाल तेव्हा बाहेर अंधार असेल, आणि पॅरिसहून स्वित्झर्लंडला उतराल तेव्हाही अंधारच. मधला उजेड बसच्या काचेतून बघायचा.

घरी येऊन मी जुन्या सवयीने वही काढली. देशांची नावे लिहिण्याऐवजी २१ डिसेंबरला कुठे किती तास उजेड असतो ते लिहिले. नॉर्वेतल्या ट्रोम्सोत सूर्य उगवतच नाही. हेलसिंकीत सहा तासांहूनही कमी. लंडनला आठाला थोडे कमी, पॅरिसला सव्वाआठ, रोमला नऊच्या किंचित वर. लिस्बन, अथेन्स, सेव्हिल हे साडेनऊच्या आसपास. आपल्या मुंबईत त्या दिवशी अकरा तास असतात आणि तरीही आपण ‘दिवस लहान झाला’ म्हणतो. थंडीला स्वेटर घालता येतो, उजेडाला काय घालणार? थंडीची आपली कल्पनाही किती, तर २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश झाले होते. आई ती थंडी अजून सांगते. चाळीतल्या बायकांनी नळावर जायचेच नाकारले म्हणे.

नाताळबाजारांचेही असेच. व्हिएन्ना, न्यूरेंबर्ग, स्ट्रासबुर्ग इथल्या दिव्यांनी लखलखलेल्या बाजारांची छायाचित्रे माहितीपत्रकात हटकून असतात. पण न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजार २४ डिसेंबरला उठतो. आपल्या शाळांची सुट्टी सुरू होऊन आपण तिथे पोचेपर्यंत माणसे दुकानांच्या फळ्या उचलत असतात, आणि २५-२६ ला जर्मनीत दुकाने बंद. ते बाजार बघायचे तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. उशिरा जाणाऱ्याने प्राग निवडावे, तिथला बाजार जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो.

मला स्वतःला लंडन हवे होते. बँकेतला माझा एक जुना सहकारी परळचा. ज्या बीआयटी चाळीत बाबासाहेब राहिले त्या चाळीच्या अंगणात तो लहानाचा मोठा झाला. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात राहत होते, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. तो सहकारी निवृत्तीनंतर ते बघायला म्हणून गेला आणि आल्यावर किती तरी दिवस दुसरे काही बोलत नव्हता. परळची ती खोली आणि ते घर एकापाठोपाठ एक बघावे असे माझ्या मनात होते. पण लंडनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, नाताळच्या दिवशी बस आणि भुयारी रेल्वे दोन्ही बंद, आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढायचा. लंडन उन्हाळ्यावर टाकले. (उन्हाळा कोणता, हे विचारू नका.)

मग मी मोठ्या आत्मविश्वासाने वही सौ.पुढे ठेवली : लिस्बन किंवा माल्टा. ऊन, समुद्र, सोळा-सतरा अंश, गुडघ्यांना आराम.

तिने वही वाचली, चष्मा काढला आणि विचारले, ‘‘यात बर्फ कुठंय?’’

मी म्हटले, ‘‘अगं, तुझे गुडघे! बर्फावरून घसरलीस म्हणजे?’’

‘‘अहो, बर्फ हातात घ्यायचाय मला. त्यावर नाचायचं नाहीये.’’

मग ती जे म्हणाली ते ऐकून माझी बोलती बंद झाली. ‘‘अडतीस वर्षं तुम्ही दर वेळी हिशेब केलात. बरोबरच होता प्रत्येक हिशेब. पण मला काय बघायचंय ते एकदाही विचारलं नाहीत. आताही ऊन-सावली मोजलीत ती माझ्यासाठीच, हे कळतं मला. पण ऊन मला दादरलाही मिळतं.’’

बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला असा शेरा सहजासहजी पचत नाही. दोन दिवस आम्ही चहा वेगवेगळ्या वेळी घेतला. तिसऱ्या दिवशी नकाशा पुन्हा उघडला आणि या वेळी शेजारी बसून बघितला. दक्षिण स्पेनमध्ये ग्रानाडा नावाचे शहर आहे. तिथल्या अल्हाम्ब्रा या जुन्या राजवाड्याच्या मागे सिएरा नेवाडाची डोंगररांग उभी. नावाचा अर्थच बर्फाचे डोंगर. शहरात दुपारी बारा-तेरा अंश, आणि जेमतेम तीस किलोमीटरवर दोन हजार मीटर उंचीवरचे बर्फाचे गाव, जिथे हिवाळ्यात बस जाते. सकाळी वर, दुपारी खाली. ढग आले तर? मुक्काम चार रात्रींचा ठेवला आहे, एक तरी दिवस उघडा मिळेल. तिथून अडीच-तीन तास रेल्वेने सेव्हिल. तिथे या दिवसांत रस्त्यारस्त्यांवरची कडू संत्र्यांची झाडे फळांनी लगडलेली असतात. स्पेन घड्याळ जर्मनीचे वापरतो पण आहे पार पश्चिमेला, म्हणून डिसेंबरातही संध्याकाळी सहापर्यंत उजेड राहतो. उजाडते मात्र साडेआठला, म्हणजे ‘सहा-सात-आठ’चा प्रश्नच मिटला.

बाकी तयारी रुक्ष आहे, पण जाणाऱ्यांसाठी सांगतो. युरोपातल्या २९ देशांना मिळून जो शेंगेन व्हिसा लागतो, त्याचा अर्ज सर्वांत जास्त मुक्काम ज्या देशात त्याच देशाकडे करायचा आणि तो सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांना त्याची फी ९० युरो आहे. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आमच्या वयाला तो स्वस्त नाही, पण तिथे काटकसर नको. पॅकेज घेतलेत तर कंपनी जो टीसीएस कापते तो बुडीत खर्च समजू नका, विवरणपत्रात त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. अल्हाम्ब्राचे तिकीट नावानिशी आणि वेळेनिशी असते, ते आधीच काढावे. आणि साजूक तूप, पेढे, खव्याचे पदार्थ घेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिकडे मनाई आहे. लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा आणि भाजणीची पिशवी मात्र आमच्याबरोबर येणार आहे. सेव्हिलला पालक-छोल्यांची भाजी सर्रास मिळते असे वाचून सौ.चा जीव भांड्यात पडला.

मागच्या रविवारी परळला स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी मंडळींकडे गेलो. लोकरीचे मोजे, हातमोजे, दोन टोप्या. घासाघीस सौ.ने केली, मी पिशवी धरून उभा होतो. घरी आल्यावर आईने टोपी हातात घेऊन उलटीसुलटी केली, लोकर चांगली आहे म्हणाली आणि मग विचारले, ‘‘तिथं दिवस मावळतो कधी रे?’’

मी सहा म्हणून सांगितले आणि घड्याळातला साडेचार तासांचा फरकही समजावला. ती बोटांवर काही तरी मोजत राहिली. ती सातला देवापुढे दिवा लावते, तेव्हा आमचे अडीच वाजलेले असतील. फोन तेव्हाच करायचा, असे ठरले आहे. बहिणीने ते कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितले आहे.