पाळी कमी येते तेव्हा: योगाची ताकद आणि त्याची हद्द

जास्त रक्तस्राव अनेक बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात, पण पाळीला कमी गेलं की लगेच धास्तावतात. या उफराट्या हिशेबामागे दोन समजुती आहेत. पाळीचं रक्त म्हणजे शरीरातली घाण, ती बाहेर पडली नाही तर आत साठते, मग वजन वाढतं, तोंडावर फोड येतात, ही एक. अंगात रक्तच नाही म्हणून कमी जातं, ही दुसरी. दोन्ही आकड्यांपुढे टिकत नाहीत. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे. दिसणाऱ्या स्रावात रक्ताचा वाटा फार तर निम्मा. बाकी गर्भाशयाच्या अस्तराचे कण आणि इतर द्रव. प्रौढ बाईच्या शरीरात साधारण चार लिटर रक्त खेळत असतं, त्यातलं एक टक्क्याहून जास्त सरासरी पाळीत जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. रक्तक्षयाने पाळी आटत असती तर निम्म्या राज्याची हीच तक्रार असती. प्रत्यक्षात उलट आहे, जास्त जाण्याने रक्तक्षय होऊ शकतो. साठून राहण्याचं म्हणाल तर वाट जन्मतः किंवा व्रणामुळे बंद असेल तेव्हा रक्त खरंच अडतं, पण ते क्वचित, आणि तेव्हा दर महिन्याला कळवळून टाकणारी पोटदुखी असते. एरवी आत अस्तर जेवढं वाढलं तेवढंच बाहेर येतं.

मग कमी म्हणजे किती? स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ साली व्याख्या सुधारताना मिलिलिटरचा हट्टच सोडला. २४ ते ३८ दिवसांचं चक्र आणि आठ दिवसांपर्यंतचा रक्तस्राव ही चौकट ठेवली, आणि स्राव हलका, नेहमीचा की जास्त हे त्या स्त्रीनेच सांगायचं, असं ठरवलं. चरकसंहितेतही शुद्ध आर्तवाचं वर्णन वेदना नसलेलं, पाच रात्री टिकणारं, फार जास्तही नाही आणि फार कमीही नाही असंच येतं, तिथेही माप नाही. त्यामुळे जिला वयात आल्यापासून तीन दिवस, दोन-दोन पॅडची पाळी येते आणि वेळेवर येते, तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या किंवा हार्मोनयुक्त साधन बसवलेल्या बाईचा स्राव घटतो, तो त्या औषधाचा अपेक्षित परिणाम असतो. पाळी नुकती सुरू झाल्यानंतरची एक-दोन वर्षं आणि चाळिशीनंतरचा उतार, या दोन काळांतही स्राव मागेपुढे होतोच. लक्ष द्यायचं ते बदलाकडे. पूर्वी पाच दिवस जाणारी पाळी काही महिन्यांत दीड दिवसावर आली, तर शरीर काही सांगू पाहत आहे.

ते काय सांगतं, हे समजायला पाळीची साखळी पाहावी लागते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून साधारण तास-दीड तासाने एका हार्मोनचा ठोका पडतो. त्या तालावर पीयूषिका ग्रंथी चालते, तिच्या इशाऱ्यावर बीजकोश इस्ट्रोजेन तयार करतात, आणि पाळीनंतर दोन-चार मिलिमीटर उरलेलं गर्भाशयाचं अस्तर त्या इस्ट्रोजेनवर पोसलं जाऊन पंधरवड्यात दुप्पट-तिप्पट जाड होतं. पाळीत किती जाणार हे बरंचसं त्या जाडीवर ठरतं. इथेच योगाबद्दलचा सर्वांत लोकप्रिय दावा अडखळतो. अमुक आसनाने ओटीपोटाचं रक्ताभिसरण वाढतं आणि पाळी मोकळी होते, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पण अस्तरच पातळ असेल तर रक्ताभिसरण वाढवून तुटपुंज्या स्रावाचा भरघोस स्राव होत नाही. नळ मोठा सोडल्याने टाकी भरत नाही. पपई, ओवा, तीळगूळ यांचीही तीच गत. तीळ खावेत, त्यात लोह आणि कॅल्शियम आहे; पाळी वाढावी म्हणून खाऊ नयेत. योगाचा खरा उपयोग असेल तर तो साखळीच्या दुसऱ्या टोकाला, मेंदूपाशी.

त्या टोकाला दोन गोष्टी बिघाड करतात, अपुरं अन्न आणि ताण. अन्नाबद्दल अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात ॲन लाउक्स यांनी केलेलं काम मुळातून समजून घेण्यासारखं आहे. खेळाडू मुलींची पाळी व्यायामाच्या श्रमाने जाते, असं आधी मानलं जाई. लाउक्स यांनी दाखवलं की श्रमापेक्षा श्रमाच्या प्रमाणात न मिळणारं अन्न दोषी आहे. २००३ च्या प्रयोगात चरबी वगळून उरणाऱ्या दर किलो वजनामागे दिवसाला ३० कॅलरींपेक्षा कमी ऊर्जा शिल्लक राहिली की अवघ्या पाच दिवसांत पीयूषिकेच्या हार्मोनचा ताल बिघडला. हिशेब करून पाहा. ५० किलोच्या मुलीचं चरबीविरहित वजन ३७ किलो धरलं तर ही रेषा अकराशे कॅलरींच्या जवळ येते, आणि तीही व्यायामाचा खर्च वजा केल्यावर. चौदाशे कॅलरी खाऊन जिममध्ये चारशे जाळणारी मुलगी या रेषेच्या खाली आहे, मग ती कितीही सुदृढ दिसो. एखाददुसऱ्या उपासाने काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने चाललेली कपात मात्र शरीर लक्षात ठेवतं. ही कपात पाळीपुरती थांबत नाही. इस्ट्रोजेन कमी राहिलं की हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि हाडांची जन्माची पुंजी तिशीच्या आत जमवायची असते. अशा मुलीला वजन उतरवणाऱ्या पॉवर योगाच्या वर्गात पाठवणं म्हणजे औषध म्हणून रोगच देणं. तिला सूर्यनमस्कारांच्या आधी वरण-भात-तूप हवं.

ताणाचं प्रकरण जास्त नाजूक, कारण ताण सगळ्यांनाच असतो आणि सगळ्यांची पाळी कमी होत नाही. तरीही पुरावा आहे. सारा बर्गा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, मेंदूकडून इशारा न आल्याने पाळी थांबलेल्या सोळा स्त्रियांवर प्रयोग केला. आठ जणींना विचारांची घडण बदलणारी मानसोपचार पद्धत वीस आठवडे दिली, आठ जणींवर नुसतं लक्ष ठेवलं. पहिल्या गटात सात जणींच्या बीजकोशांचं काम परतलं, दुसऱ्यात दोघींच्या. आकडा लहान आहे, पण गोळी न देता साखळी वरून हलवता येते, हे त्यातून दिसतं.

योगावरचे भारतीय प्रयोग याच वाटेने जातात. बंगळुरूच्या 'स्व्यासा' विद्यापीठाच्या राम निधी, आर. नागरत्ना आणि सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशातल्या एका निवासी महाविद्यालयात, पीसीओएस हा बीजकोशांचा हार्मोन-विकार असलेल्या १५ ते १८ वयाच्या ९० मुलींचे दोन गट केले. एका गटाने बारा आठवडे रोज तासभर योग केला, दुसऱ्याने तितकाच वेळ साधा व्यायाम. योगाच्या गटात टेस्टोस्टेरॉनसारख्या हार्मोनची पातळी जास्त उतरली आणि पाळ्या अधिक नियमित झाल्या; वजनात मात्र दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे फायदा बारीक होण्याच्या वाटेने आलेला नव्हता. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठात पाळीच्या तक्रारी असलेल्या १५० स्त्रियांवर योगनिद्रेचा अभ्यास झाला. सौम्य आणि मध्यम चिंता-नैराश्य त्यात लक्षणीय कमी झालं, तीव्र असलेल्यांना म्हणावा तसा गुण आला नाही. हा शेवटचा भाग योगाच्या जाहिरातींतून नेमका गळतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आपण योग करतो आहोत हे करणाऱ्याला ठाऊकच असतं, मग नुसत्या विश्वासाचा गुण किती आणि आसनांचा किती? हे पुरतं वेगळं करता येत नाही. म्हणूनच दुसऱ्या गटालाही व्यायाम देणारा प्रयोग मोलाचा. लक्ष, सोबत, शिस्त दोन्हीकडे सारखी होती. दुसरी उणीव मोठी आहे. या प्रयोगांत नियमितपणा, हार्मोन, मनःस्थिती मोजली गेली. अस्तराची जाडी किंवा स्रावाचं प्रमाण हा त्यांचा विषय नव्हता. त्यामुळे योगाने पाळी जास्त येते, असं या आधारावर म्हणता येत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं, ते योगाचे दावे मोजून पाहण्यासाठीच. ही परंपरा आपल्या घरातली असताना मोजमापाचं वावडं असायचं कारण नाही.

काही कारणांपर्यंत तर योगाचा हात पोचतच नाही. गर्भपात किंवा प्रसूतीनंतर क्युरेटिंग करून पिशवी साफ केली, आणि पुढे पाळी निम्म्याने घटली, तर आतले पदर एकमेकांना चिकटलेले असू शकतात. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेला हा विकार दुर्बिणीने पाहून पक्का कळतो. भारतात गर्भाशयाचा क्षयरोग हे असंच एक दबा धरून बसणारं कारण आहे. खोकला नाही, कधी तापही नाही, फक्त पाळी आटत जाते आणि मूल राहत नाही. बाळंतपणात अतोनात रक्त गेलेल्या बाईला नंतर दूधच आलं नाही आणि पाळीही परतली नाही, तर पीयूषिका ग्रंथीला इजा झाल्याचा संशय घ्यावा लागतो. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन साध्या रक्ततपासणीत कळतात. आणि पाळी लांबून नुसते डाग दिसले, तर सर्वांत आधी गर्भधारणेची चाचणी. गर्भ नळीत राहिला असेल तर तिथे आसनांत घालवलेला आठवडा जिवावर बेतू शकतो.

हे सगळं वगळल्यावर जी उरते, म्हणजे जेवणाची आबाळ, अर्धवट झोप, परीक्षा किंवा रात्रपाळीने पिचलेली बाई, तिच्यासाठी योग खरोखर कामाचा आहे. पुण्याच्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांसाठी बसवलेला क्रम या दृष्टीने शहाणपणाचा वाटतो. पाळीच्या दिवसांत लोड-तक्क्यांच्या आधाराने सुप्त बद्धकोनासनासारखी विसाव्याची आसनं, शीर्षासन-सर्वांगासन नाही; उलटी आसनं पाळी संपल्यावर. उलटं झाल्याने रक्त मागे जाऊन अपाय होतो, याला मात्र भक्कम पुरावा नाही. नळ्या मोकळ्या असलेल्या बहुतेक स्त्रियांत थोडं रक्त एरवीही पोटात उतरतंच. तेव्हा तो नियम भीतीने न पाळता विश्रांतीची सोय म्हणून पाळावा. बाकी दिवसांत हलकी आसनं, भ्रामरी, अनुलोम-विलोम, आणि शेवटी घाईघाईत न उरकलेलं शवासन. आंध्रातल्या त्या मुलींच्या प्रयोगाइतका, म्हणजे तीन महिन्यांचा अवधी द्यावा, आणि तेवढ्यात कालनिर्णयच्या पानावर तारखा, दिवस, पॅडची संख्या लिहीत जावी. तीन महिन्यांनीही स्राव घटतच असेल तर ती पानं घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीच्या आधी डॉक्टर याच गोष्टी विचारणार असतात.